टार्पीबाईंचा शेरा

आमच्या इस्पितळातून घरी गेलेल्या प्रत्येक पेशंटला पंधरा दिवसांनी एक फॉर्म जातो. नर्सनी नीट वागवलं का, वॉर्ड स्वच्छ होता का, विचारलेल्याचं उत्तर समजेल असं मिळालं का, अशा प्रश्नांपुढे खुणा करायच्या. शेवटी थोडी मोकळी जागा असते, तिथे मनात असेल ते लिहायचं. खुणा मशीन मोजतं. मोकळ्या जागेतलं वाचायला मशीन उपयोगाचं नाही, म्हणून तिथे मी आहे. नऊ वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

माझं नाव नेव्हिल ॲशवर्थ. लँकेशायरमधल्या याच गावात जन्मलो आणि इथेच राहिलो. लग्न केलं नाही. आई होती तोवर संध्याकाळी "आज काय काय लिहिलं होतं लोकांनी?" असं विचारणारं घरात कुणीतरी होतं. ती गेल्यावर तेही थांबलं. माझं ऑफिस तळघरात, लाँड्रीला लागून. भिंतीतून वाफेचा वास येतो, माणसं येत नाहीत. कधी कधी बुधवारी ध्यानात यायचं की सोमवारपासून आपण बसच्या ड्रायव्हरशिवाय कुणाशी बोललेलोच नाही.

काम सोपं आहे. प्रत्येक शेऱ्याला एक नंबर द्यायचा. असे नंबर एकूण एकोणीस. तीन म्हणजे जेवण, पाच म्हणजे स्वच्छता, आठ म्हणजे शेजारच्या पेशंटचा त्रास. चौदा म्हणजे 'भाषा व उच्चार'. हा चौदा पाच वर्षांपूर्वी वाढवला, काही वॉर्डांत परदेशच्या नर्सेस निम्म्याहून जास्त झाल्या तेव्हा. एकोणीस म्हणजे 'इतर', पण तो जपून वापरायचा. शेकडा पाचाच्या वर गेला की आमच्या साहेबीण ग्लेनिसबाई फोन करतात. शेरा लांबलचक असेल तर दोन ओळींत आटपायचा, कारण कॉम्प्युटरच्या चौकटीत तेवढंच मावतं. आणि आणखी एक नियम: कौतुक असेल तर नर्सचं नाव राहू द्यायचं, तक्रार असेल तर गाळायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात डिंपना टार्पी नावाच्या बाईंचा फॉर्म आला. वय पंचाहत्तर. मोकळी जागा पुरली नाही म्हणून त्यांनी वहीची दोन पानं जोडली होती. अक्षर इतकं सरळ की पट्टी ठेवून लिहिल्यासारखं. कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला जाताना पायरीवरून पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि सहा नंबरच्या वॉर्डात त्या एकोणीस दिवस होत्या. तिथे मारिव्हिक नावाची फिलिपीन्सची नर्स होती. टार्पीबाईंनी लिहिलं होतं:

'मी स्वतः एकतीस वर्षं नर्सचं काम केलं आहे, म्हणून मला कळतं. या मुलीच्या हाताला तोड नाही. गोळी वेळेवर, पट्टी हलक्या हातानं, चादरीला सुरकुती नाही. पण एकोणीस दिवसांत ती माझ्या खाटेशी एकदाही बसली नाही. "आलेच हं" म्हणून जायची आणि मी मोजत पडायचे. मला भेटायला कुणी येत नव्हतं. तिला सोडून मला बोलायला कुणी नव्हतं, आणि ती बोलत नव्हती. मी इथे काम करत होते तेव्हा आम्ही बसायचो. तेही कामच असायचं. या मुलीकडे आम्ही बाराजणी होतो. तिनं बसायचं कधी?'

त्या दिवशी टेबलावर सत्तर फॉर्म होते. मी दोन्ही पानं वाचली, आणि चौकटीत लिहिलं: 'नर्स मारिव्हिक कामाला चांगली, पण बोलत नाही. एकटं वाटलं.' कौतुक होतं म्हणून नाव राहू दिलं. बोलण्याबद्दल होतं म्हणून चौदा नंबर दिला. याहून जास्त विचार मी केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मग पुढचा फॉर्म घेतला.

त्यानंतर वर काय झालं ते मला दोन महिने कळलं नाही. त्या तिमाहीत सहा नंबरच्या वॉर्डाला चौदा नंबरचे सतरा शेरे होते. इतके दुसऱ्या कुठल्याच वॉर्डाला नव्हते. सतरापैकी सोळांत नाव नव्हतं, एकात होतं. मुख्य मेट्रनबाईंनी मारिव्हिकला बोलावून घेतलं. तिनं फिलिपीन्समध्ये, आपल्या गावी इलोइलोमध्ये पाच वर्षं आणि रियाधमध्ये चार वर्षं नर्सचं काम केलेलं, इंग्रजीची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली. तिला दर बुधवारी दुपारी स्पष्ट बोलण्याच्या वर्गाला जायला सांगितलं. वर्ग संपेपर्यंत पेशंटच्या घरच्यांशी फोनवर बोलायचं नाही, आणि पेशंटशी बोलताना एका छापील कार्डावरची वाक्यं वापरायची. नमस्कार, माझं नाव अमुक, मी तुमचं ब्लडप्रेशर घेणार आहे, तुम्हाला काही प्रश्न आहेत का. मारिव्हिकनं कार्ड खिशात ठेवलं आणि कामाला लागली.

नोव्हेंबरात टार्पीबाई खुबा दाखवायला आल्या. काम झाल्यावर, मारिव्हिकसाठी स्वतः भाजलेला बेदाण्यांचा पाव घेऊन त्या सहा नंबरला गेल्या. तिथून लिफ्टनं थेट तळघरात, माझ्या दारात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. माझ्या दारात पेशंट उभा असलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"फॉर्म वाचणारे तुम्हीच का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. बसायला खुर्चीवरचे कागद उचलले.

त्या बसल्या. डबा मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "हा तिला आणला होता. तिनं खिशातून कार्ड काढलं, त्यावर बघितलं आणि मला सांगितलं की पेशंटकडून भेट घेता येत नाही. मग म्हणाली, बाई, तुम्ही लिहिलंत, मी बोलत नाही. आता शिकतेय. मला काही समजेना. मी काय लिहिलं होतं ते जरा दाखवा."

फॉर्म मी एक वर्ष ठेवतो. त्यांचा काढून दिला. त्यांनी चष्मा लावून आपलंच अक्षर शेवटपर्यंत वाचलं आणि मान हलवली. मग मी काय पाठवलं ते त्यांनी मागितलं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. दोन ओळी वाचायला त्यांना दोन पानांपेक्षा जास्त वेळ लागला.

"चौदा म्हणजे काय?"

मी नंबरांची यादी पुढे केली. त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवत एकोणीसच्या एकोणीस वाचले.

"यात 'माणसं कमी आहेत' कुठे आहे?"

"नाही."

"काढून टाकला?"

"मी आल्यापासून नव्हताच."

त्यांनी यादी माझ्याकडे परत सरकवली. पलीकडे लाँड्रीचं मशीन गरगरत होतं. मग त्यांनी मला त्यांची हकीकत सांगितली, माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. त्या आयर्लंडच्या, रॉसकॉमन परगण्यातल्या. अठराव्या वर्षी, सहासष्ट साली, एक बॅग घेऊन बोटीनं इकडे आल्या, कारण इकडच्या इस्पितळांना मुली मिळत नव्हत्या. पुरुषांच्या वॉर्डात म्हातारे म्हणायचे, इंग्रजी येणारी कुणीतरी पाठवा. तिथली वॉर्ड-सिस्टर रोज सकाळी सगळ्या खाटांसमोर त्यांना उभं करून 'थर्टी-थ्री' म्हणायला लावायची, कारण त्यांच्या तोंडी ते 'टर्टी-ट्री' व्हायचं. पेशंट हसायचे. त्यांच्यात वाईट कुणी नव्हतं, टार्पीबाई म्हणाल्या, पडून पडून कंटाळलेले असायचे बिचारे. पण वर्षभर त्यांनी मान हलवूनच काम चालवलं. एक दिवस एक म्हातारा रडत होता, त्याला बोलून धीर द्यायचा होता, आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटला नाही.

"आणि आज त्या पोरीच्या हातात कार्ड. माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे नाही," मी म्हटलं. "माझ्यामुळे."

त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळे."

त्या गेल्यावर मी ग्लेनिसबाईंना फोन केला. त्या वाईट नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, आणि तिमाही बंद झाली आहे, आता आकडा बदलत नाही, असं सांगितलं. "आणि बदलला तरी काय, नेव्हिल? सतराचे सोळा होतील," त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं खरं होतं. म्हणून मी उरलेले सोळा फॉर्म बाहेर काढले आणि प्रत्येक पुन्हा पहिल्यापासून वाचला. पाचांमध्ये खरोखरच बोलणं समजलं नाही असं होतं. त्यातल्या तिघींना कमी ऐकू येत होतं, आणि मारिव्हिकच्या गावाकडचे लोक फार हळू आवाजात बोलतात, हे मला नंतर समजलं. बाकी अकरांमध्ये काय होतं? 'कुणी थांबून सांगितलं नाही.' 'विचारायचं होतं, पण सगळ्या धावत होत्या.' 'घरी कधी सोडणार ते शेवटपर्यंत कळलं नाही.' हे सगळे मी, माझ्या हातानं, चौदात टाकले होते. फॉर्मवरून नर्स परदेशची दिसली की माझं बोट आपोआप त्या नंबराकडे जात होतं. मी त्या नर्सेसशी कधी एक शब्द बोललो नव्हतो, त्यांतल्या एकीलाही पाहिलं नव्हतं.

हे सगळं मी एका कागदावर लिहून ग्लेनिसबाईंकडे आणि मुख्य मेट्रनबाईंकडे पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, नोंद घेतली आहे, मारिव्हिकला आता वर्गाला यायची गरज नाही. तोवर वर्ग संपलाच होता.

पण उत्तराची वाट न बघता, टार्पीबाई आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांच्या दोन पानांची झेरॉक्स घेऊन मी सहा नंबरला गेलो होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मारिव्हिक औषधांच्या गाडीपाशी उभी होती, लहानशा चणीची, चाळिशीतली बाई, केस घट्ट बांधलेले. मी कोण ते सांगितलं. काय केलं तेही. ती ऐकत होती आणि त्याच वेळी गोळ्या मोजून वाटीत टाकत होती. मग हात पुसून तिनं पानं घेतली. अर्धं पान वाचून होतं तोच घंटा वाजली. ती गेली, आली, पुन्हा वाचायला लागली. पुन्हा घंटा. दोन पानं वाचायला तिला वीस मिनिटं लागली. मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या अंगावरून तीनजणी धावत गेल्या.

वाचून झाल्यावर तिनं पानांची घडी घातली.

"वर्गाचं मला काही वाटलं नाही," ती म्हणाली. खरंच आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं. "रियाधमध्ये याहून वाईट ऐकलंय. पण बाईंनी लिहिलंय ते खरं आहे. मी रोज त्या खाटेवरून जात होते. त्या माझी वाट बघताहेत हे मला कळत होतं. म्हणून मी दुसरीकडे बघत जायचे."

मी तिची माफी मागितली. ती "बरं" म्हणाली, पानं खिशात ठेवली, आणि घंटा वाजली म्हणून गेली.

टार्पीबाईंना मी हे फोन करून कळवलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला: रविवारी चहाला या, तिलाही बोलावलंय. तीही येते म्हणाली होती, आता ती टार्पीबाईंची नर्स नव्हती, तेव्हा नियमाचा प्रश्न नव्हता.

बाईंचं घर चढावरच्या रांगेतलं, शेवटून दुसरं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. टेबलावर हॅमची सँडविचेस होती, नवा बेदाण्यांचा पाव होता, चांगले कप काढले होते. मारिव्हिक भिजून आली. तिनं डबा आणला होता, तांदळाच्या शेवया, कोबी आणि गाजर घातलेल्या. आम्ही तिघांनी सगळ्यातलं थोडं थोडं खाल्लं. बोलणं मात्र रेटावं लागत होतं. हवेबद्दल झालं. खुब्याबद्दल झालं. मी माझ्याबद्दल काय सांगणार? टार्पीबाईंनी तिला घरचं विचारलं. तिला नऊ वर्षांची मुलगी होती, इलोइलोला बहिणीकडे. आधी रोज फोनवर गाणी म्हणून दाखवायची, हल्ली दोन मिनिटांत कंटाळते, मावशीच्या हातात फोन देऊन पळते. इकडे मारिव्हिक तीन नर्सेसबरोबर एका घरात राहत होती, पण चौघींच्या ड्युट्या वेगळ्या, त्यामुळे एकमेकींची ओळख स्वयंपाकघरातल्या उष्ट्या कपांवरूनच.

"मग बोलतेस कुणाशी?" बाईंनी विचारलं.

"पेशंटशी," ती म्हणाली. "कार्डावरचं."

टार्पीबाई हसल्या. मारिव्हिकही हसली. बाई आणखी चहा करायला उठल्या. काठी टेकत आत गेल्या. मारिव्हिक मदतीला उठू लागली, तर "बस तू," असं त्यांनी आतूनच सांगितलं. ती शेगडीजवळच्या खुर्चीत मागे टेकली. बाई किटली घेऊन परत आल्या तेव्हा तिचा डोळा लागला होता. मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं, हात मांडीवर पालथे पडलेले.

मी तिला उठवायला पुढे झालो. टार्पीबाईंनी बोट उचलून मला थांबवलं. किटली खाली ठेवली, आपल्या खुर्चीवरची लोकरी शाल तिच्या गुडघ्यांवर घातली. मग सवयीनं तिच्या मनगटावर दोन बोटं टेकवली, आणि लगेच उचलली. खुर्ची ओढून त्या तिच्या शेजारी बसल्या. दिवस आखूड होता. चारच्या सुमारास खोलीत अंधार पडू लागला, पण बाईंनी दिवा लावला नाही, मीही लावला नाही. दीड तास आम्ही दोघं तसेच बसून होतो. चहा निवून गेला. बाहेर कुणी कुत्र्याला हाका मारत गेलं. मला त्या दीड तासात एकदाही घरी जावंसं वाटलं नाही.

जाग आल्यावर मारिव्हिक ओशाळली. इतक्यांदा माफी मागू लागली की बाईंना तिला दरडावावं लागलं. सकाळी साडेसातची ड्युटी आहे म्हणून ती निघाली. दारात बाईंनी तिच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.

"परत ये," त्या म्हणाल्या. "बोलायलाच पाहिजे असं काही नाही."

ती आणखी दोनदा गेली. नाताळाच्या आधी एकदा आणि जानेवारीत एकदा, निरोप घ्यायला. ऑस्ट्रेलियात, पर्थला तिला नोकरी लागली होती. तिथे मुलीला सोबत नेता येणार होतं. वर्गाच्या आधीपासूनच तिनं अर्ज केलेला होता, असं ती म्हणाली. खरं असेल, किंवा आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. तिच्या जागी सहा नंबरला महिनाभर कुणी नव्हतं, मग झिंबाब्वेची एक मुलगी आली.

मी रविवारी टार्पीबाईंकडे जाऊ लागलो. त्यांचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायचा, बल्ब बदलायचा, थोडा वेळ बसायचं. पहिल्या दोनतीन वेळा त्या मला ॲशवर्थसाहेब म्हणत होत्या, मग नेव्हिल म्हणायला लागल्या. आईनंतर मला नावानं हाक मारून चहा देणारं दुसरं कुणी नव्हतं. ऑफिसात मी शेरे पूर्ण वाचून नंबर देऊ लागलो. 'इतर' शेकडा बारावर गेला. ग्लेनिसबाईंनी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा केला नाही. यादी आहे तशीच आहे.

उन्हाळ्यात बाई पुन्हा पडल्या, या वेळी स्वयंपाकघरात. हाड मोडलं नाही, पण चार तास जमिनीवर होत्या. रॉसकॉमनहून भाची आली आणि एकटं राहायचं नाही म्हणाली. सत्तावन्न वर्षांनी बाई बोटीनं परत गेल्या. मीच त्यांना बंदरापर्यंत पोहोचवलं. घर सप्टेंबरात विकलं गेलं. आता तिथे एक तरुण जोडपं राहतं, त्यांनी दाराला पिवळा रंग दिला आहे.

रविवारी संध्याकाळी मी फोन करतो. परवाच्या फोनवर त्या म्हणाल्या की भाची चांगली आहे, खोली उबदार आहे, पण दुकानात गेल्या की लोक विचारतात, बाई, तुम्ही इंग्लंडच्या कुठल्या? त्यांचा जन्म त्या दुकानापासून दोन मैलांवर झाला, हे कुणाला पटत नाही. तिथल्या दवाखान्यात त्यांचा पाय बघणारी नर्स केरळची आहे. तिला मात्र त्यांचं बोलणं नीट कळतं, आणि त्यांना तिचं. ती मंगळवारी सकाळी असते, दहा मिनिटं.

"दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली," टार्पीबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, मी आज काय जेवलो. मी सांगितलं. टेबलावर बसून जेवलास की ओट्याशी उभ्यानं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उभ्यानं.